हरलेल्या पैलवानाला ब्राँझ कसं काय मिळतं? आण्णांना समजावून सांगायचंय

वारणाकाठ:
नमस्कार मंडळी. प्रश्न माझा नाही, आमच्या आण्णांचा आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, महिनाभर कॉटवर आहेत, आणि वेळ जावा म्हणून मी त्यांना मोबाईलवर ऑलिंपिकच्या जुन्या कुस्त्या लावून देतो. आण्णा म्हणजे जत्रेच्या फडात लढलेला माणूस, दोन्ही कान फुटलेले, रेवड्यांवरच्या कुस्तीपासून सुरुवात करून शेवटच्या दोन-चार जोडीपर्यंत गेलेले. त्यांचा हिशोब सरळ आहे. पाठ लागली की विषय संपला, हरलेल्यानं कपडे घालायचे आणि गर्दीत जाऊन बसायचं.

परवा २००८ ची बीजिंगची सुशीलकुमारची लावली. पहिलीच कुस्ती हरला. आण्णा म्हणाले बंद कर, हरल्याली कुस्ती काय बघायची. मी म्हटलं थांबा हो, ह्यात त्याला ब्राँझ मिळालंय. तर माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच काहीतरी लबाडी केलीय. "पहिल्याच डावात हरला आणि पदक? कुणाच्या वळकीनं?"

मी आपलं रेपेचाज रेपेचाज करत राहिलो पण खरं सांगायचं तर मलाच नीट माहीत नाही. मग काल पॅरिसची विनेश फोगाटची निघाली आणि आणखीच घोळ झाला. ती तीन कुस्त्या जिंकून फायनलला गेली आणि रिकाम्या हातानं घरी आली, आणि तिच्याकडून हरलेली ती जपानची सुसाकी मात्र ब्राँझ घेऊन गेली. आण्णांचं म्हणणं, जिंकलेलीला काय नाही आणि हरलेलीला पदक, हे कुठलं शास्त्र? कुणीतरी जरा मातीच्या भाषेत सांगा, म्हणजे मी तसंच वाचून दाखवतो.

गुणतक्ता:
मी जिल्ह्याच्या स्पर्धांना टेबलवर बसतो, गुण लिहायला. प्रयत्न करतो.

आधी आण्णांना हे सांगा की जत्रेत जोड लावतात आणि ऑलिंपिकमध्ये चिठ्ठ्या निघतात, सगळा फरक तिथं आहे. फडात वस्ताद मंडळी पोरांना उभं करून बघतात, हा ह्याच्या तोडीचा, तो त्याच्या तोडीचा, मग हात मिळवून जोड ठरते. ऑलिंपिकला एका वजनात १६ जण असतात आणि ड्रॉ पडतो. वरच्या काही जणांना मानांकन असतं त्यामुळे ते एकमेकांपासून लांब राहतात, बाकीच्यांचं नशीब. आता समजा तुम्ही जगातल्या तिसऱ्या नंबरच्या तोडीचे पैलवान आहात, पण मानांकन नाही, आणि पहिल्याच फेरीत पहिल्या नंबरचा आला. हरलात. तुम्ही घरी, आणि दुसऱ्या बाजूनं सोपा ड्रॉ मिळालेला कुणीतरी सेमीपर्यंत येऊन ब्राँझ नेणार. हा अन्याय कमी करायला रेपेचाज आहे. शब्द फ्रेंच आहे, आपण दुसरी संधी म्हणू.

पण ही संधी सगळ्यांना नाही, इथंच लोक चुकतात. फायनलला जे दोघं पोचतात, त्या दोघांनी वाटेत ज्यांना ज्यांना हरवलं फक्त त्यांनाच. १६ च्या ड्रॉमध्ये फायनलिस्टनं तीन जण पाडलेले असतात. पहिल्या फेरीतला आणि क्वार्टरमधला हे दोघं आपसात लढतात, त्यातला जिंकलेला सेमीत हरलेल्याशी लढतो, जिंकला तो ब्राँझ. वरच्या अर्ध्यात असंच, खालच्या अर्ध्यात असंच, म्हणून ब्राँझ दोन. ऑलिंपिकला ही दोन ब्राँझ २००८ पासूनच आहेत.

म्हणजे हरल्यावर कपडे घालायचे नाहीत, वॉर्मअप एरियात बसून ज्यानं आपल्याला पाडलं त्याच्यासाठीच देव पाण्यात घालायचे. तो फायनलला गेला तर तुमचं दार उघडलं, तो मध्येच हरला की तुमचीपण बॅग भरली. सुशीलला युक्रेनच्या स्टॅडनिकनं हरवलं, स्टॅडनिक फायनलला गेला, तेव्हाचा ड्रॉ १६ पेक्षा मोठा होता म्हणून कुस्त्या एक जास्त, मग सुशीलनं अमेरिकेचा श्वाब, बेलारूसचा बातिरोव्ह आणि कझाकस्तानचा स्पिरिडोनोव्ह असे तिघं लागोपाठ पाडले, सगळं एकाच दिवसात. आण्णांना म्हणावं ओळखीनं नाही मिळालं, हरल्यावर तीन कुस्त्या मारून मिळालंय.

योगेश्वर दत्तचं २०१२ ला लंडनमध्ये तेच, रशियाच्या कुदुखोव्हकडून हरला, तो फायनलला गेला, मग ह्यानं तीन मारल्या, डोळा सुजून बंद झालेला असताना. शेवटची उत्तर कोरियाच्या री बरोबरची आण्णांना नक्की दाखवा. फितले लावलंय त्यात, म्हणजे समोरच्याचे दोन्ही पाय घोट्यापाशी एकमेकांत अडकवून त्याला लाटण्यासारखं फिरवायचं, प्रत्येक गिरकीला गुण. मी ती कुस्ती किती वेळा बघितलीय ह्याचा हिशोब नाही.

आणि रिओची साक्षी मलिक. २०१६, ५८ किलो. क्वार्टरला रशियाची कोब्लोव्हा, तिच्याकडून ९-२ नं मार खाल्ला. कोब्लोव्हा फायनलला गेली. साक्षीनं मग मंगोलियाची पाडली आणि ब्राँझच्या कुस्तीत किर्गिझस्तानच्या टिनिबेकोव्हापुढं मध्यंतराला ०-५ होती. शून्य पाच! शेवटच्या काही सेकंदांत पट काढून, म्हणजे पाय धरून पाडून, पुढं गेली, समोरच्या कोचनी पंचांच्या निर्णयाला चॅलेंज टाकलं ते फसलं म्हणून आणखी एक गुण, ८-५. विनेशचं जरा वेगळं आहे, ते कुणीतरी सविस्तर लिहा, मला आता ड्युटीला जायचंय.

पाटीलकी:
थोडक्यात, जावयानं हुंडा मागितला म्हणून सासऱ्यानं त्याच्या बढतीसाठी नवस बोलायचा 😂

लाल_माती:
आण्णांचं बरोबर आहे आणि तुम्ही सगळे त्यांना उगाच मॅटवाल्यांचं गणित शिकवताय. निकाली कुस्ती म्हणजे निकाली, एकाची पाठ लागली, दुसरा खांद्यावर, हलगी वाजली, विषय संपला. हे सहा मिनिटांत ढकललं की एक गुण, पाय बाहेर पडला की एक गुण, नुसता उभा राहिला तर समोरच्याला एक गुण, ह्याला कुस्ती म्हणायची? आणि वर हरलेल्याला पदक. खाशाबा जाधवांच्या महाराष्ट्रानं हे असलं कौतुकानं बघायचं म्हणजे कमाल आहे.

गुणतक्ता:
दादा, बरं झालं तुम्हीच खाशाबांचं नाव काढलं. १९५२ हेलसिंकी, ५७ किलो, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. माहितीय ना की खाशाबा त्या स्पर्धेत दोन कुस्त्या हरले होते? जपानचा इशी आणि सोव्हिएत युनियनचा मामेदबेकोव्ह. त्या दोघांनी सोनं आणि चांदी नेलं, खाशाबांना ब्राँझ. तेव्हा रेपेचाज नव्हतं, उलट्या गुणांची पद्धत होती. चितपट जिंकलात तर शून्य, गुणांवर जिंकलात तर थोडे दंडाचे गुण, हरलात तर जास्त, आणि ठराविक दंड साठला की बाहेर. म्हणजे एक कुस्ती हरला म्हणून कुणी बाद व्हायचा नाही. हरूनही उभं राहायची सोय ७० वर्षांपूर्वी पण होतीच, फक्त गणित वेगळं.

आणि त्याच्या आधी १९४८ ला लंडनला ते सहावे आले होते. गोळेश्वरच्या मातीतला माणूस, गादीवर ऑलिंपिक पहिल्यांदा लढला तो तिथंच. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. मग कुस्तीतलं पुढचं पदक थेट २००८ चं, हाच तो सुशील जो आण्णांनी बंद करायला सांगितला. ५६ वर्षं गेली मध्ये.

आणि चितपट अजून आहे हो मॅटवर, उलट सगळ्यात मोठी तीच, गुण कितीही असूदेत दोन्ही खांदे टेकले की संपलं. टोकियोची सेमी बघा, रवी दहिया २-९ नं मागं होता. सात गुणांनी! त्यानं कझाकस्तानच्या सनायेव्हला धरलं आणि खाली दाबून आसमान दाखवलं. तो सनायेव्ह त्याच्या दंडाला चावत होता तरी पकड सोडली नाही, वळ दिसतात फोटोत. ही निकाली नाही तर काय आहे.

लाल_माती:
चावल्याचं माहीत होतं, खाशाबांच्या दोन हरलेल्या माहीत नव्हत्या. बरं.

माजी_सत्तावन्न:
वजनाबद्दल मी लिहितो कारण ते मी भोगलंय. युनिव्हर्सिटीला ५७ किलोला खेळायचो, नेहमीचं वजन ६१-६२. म्हणजे प्रत्येक स्पर्धेच्या आधी चार-पाच किलो उतरवायचं. लोकांना वाटतं चरबी उतरवतात, चरबी नसतेच हो अंगावर, उतरवायचं असतं ते पाणी. आधी मीठ बंद, मग भाकरी बंद, शेवटच्या दिवशी पाणी बंद. अंगात प्लॅस्टिकचं जॅकेट, त्यावर दोन ट्रॅकसूट, आणि मे महिन्यात मैदानाला फेऱ्या. रात्री लॉजच्या खोलीत दार खिडक्या बंद करून अंगावर ब्लँकेट घेऊन बसायचो आणि तोंडात लिमलेटची गोळी धरून बाटलीत थुंकत राहायचं, कारण थुंकीचं पण वजन असतं. झोप येत नाही, जीभ टाळ्याला चिकटते, आणि शेजारच्या कॉटवरचा १२५ किलोवाला मित्र भज्या खात असतो.

एकदा सकाळी काट्यावर २०० ग्रॅम जास्त निघालं. १५ मिनिटं उरलेली. आमच्या कोचनी कुठूनतरी मशीन आणून डोकं भादरलं, मग दोघांनी मला मध्ये धरून जिन्यावर पळवलं. बसलो कसाबसा. लगेच ओआरएस, केळी, ग्लुकोज हाताला लागेल ते ढोसलं आणि पहिल्याच कुस्तीत पोटरीत गोळा आला, हरलो. आता वरचं रेपेचाज आठवा. ज्यानं मला हरवलं तो पुढच्याच फेरीत चितपट झाला. मी भादरलेल्या डोक्यानं लाल डब्यात बसून घरी.

तर विनेशचं. २०१७ पर्यंत काही वर्षं एका वजनाच्या सगळ्या कुस्त्या एकाच दिवशी व्हायच्या आणि वजन आदल्या संध्याकाळी घ्यायचे. म्हणजे रात्रभर खायला प्यायला मिळायचं. लोक ह्याचा फायदा घेऊन भलतंच वजन उतरवायचे म्हणून २०१८ पासून नियम बदलला, कुस्त्या दोन दिवस आणि वजन दोन्ही दिवशी सकाळी. दुसऱ्या दिवशी काही स्पर्धांना दोन किलोची सूट असते, ऑलिंपिकला एक ग्रॅम पण नाही. कुस्तीचा कॉश्च्युम घालून काट्यावर उभं राहायचं, त्याचं वजन पण धरतात.

विनेश टोकियोला ५३ ला खेळली होती, पॅरिसला ५० ला उतरली. ६ ऑगस्टला सकाळी वजनात बसली, मग तीन कुस्त्या मारल्या. मध्ये पाणी, थोडं खाणं घेतल्याशिवाय तीन कुस्त्या कशा होणार. ते घेतलं की वजन चढणार. रात्रभर उतरवलं, केस कापले, तरी ७ तारखेला सकाळी १०० ग्रॅम जास्त. शंभर ग्रॅम म्हणजे अर्धा कप चहा. नियमात लिहिलंय की दुसऱ्या वजनाला नापास झाला तो स्पर्धेतून बाद, शेवटच्या नंबरला, नंबरसुद्धा लिहायचा नाही. क्रीडा लवादात गेली ती, तिथंही १४ ऑगस्टला फेटाळलं.

त्याच स्पर्धेत आपला अमन सेहरावत सेमी हरल्यावर ६१.५ किलोवर गेला होता, खेळायचं ५७ ला. १० तासांत ४.६ किलो उतरवलं, रात्रभर झोपला नाही आणि दुसऱ्या दिवशी पोर्तो रिकोच्या क्रूझला १३-५ नं हरवून ब्राँझ. आणि ज्यानं त्याला सेमीत १०-० नं धुतलं तो हिगुची, तो २०२१ ला टोकियोच्या पात्रता फेरीत ५० ग्रॅमनं नापास झाला होता! स्वतःच्या देशातलं ऑलिंपिक तसं हुकलं. तीन वर्षांनी पॅरिसला सोनं. म्हणून मला ते 'एवढं साधं वजन सांभाळता येत नाही का' म्हणणारे भेटले की त्यांना त्या लॉजच्या खोलीत नेऊन बसवावंसं वाटतं.

भाचीची_आत्या:
माझी भाची तालमीत जाते, तिच्यामुळे मलाही हे सगळं पाठ झालंय. सुसाकीचं गणित मी सांगते, कारण आण्णांचा मूळ प्रश्न तो आहे आणि तो कुणीच सोडवला नाही.

आधी ती कुस्ती. सुसाकी म्हणजे टोकियोची गोल्ड मेडलिस्ट, परदेशी बाईकडून एकही कुस्ती न हरलेली. विनेश जवळजवळ शेवटपर्यंत ०-२ मागे. सुसाकीचे ते दोन्ही गुण विनेशनं काही केलं नाही म्हणून मिळालेले, तीस सेकंदांत गुण काढ म्हणून बजावतात ना, तसले. शेवटच्या काही सेकंदांत विनेशनं तिला खाली घेतलं, दोन गुण. २-२. आता बरोबरीत कोण जिंकलं? तर मोठ्या डावाला मान, दोन गुणांचा एक डाव हा एकेक गुण दोनदा मिळण्यापेक्षा भारी. जपाननं चॅलेंज टाकलं, फसलं, ३-२. आमच्या घरी तेव्हा वरणाला फोडणी राहिली ती राहिलीच.

आता विनेश फायनलला गेली म्हणून सुसाकीचं रेपेचाजचं दार उघडलं. विनेशनं वाटेत तिघींना हरवलं होतं, सुसाकी, युक्रेनची लिवाच, आणि सेमीत क्युबाची गुझमान. दुसऱ्या दिवशी विनेश बाद. मग फायनलला कोण? तिच्याकडून सेमी हरलेली गुझमान. म्हणजे गुझमान ब्राँझच्या कुस्तीतून उचलून वर नेली. मग खाली कोण उरलं? सुसाकी आणि लिवाच. त्यांची जी नुसती रेपेचाजची कुस्ती व्हायची तीच थेट ब्राँझची झाली, आणि सुसाकी जिंकली. सोनं अमेरिकेच्या हिल्डेब्रँटला.

म्हणजे विनेशकडून हरलेल्या तिघींपैकी दोघींच्या गळ्यात पदक आलं, एक चांदी एक ब्राँझ. नियमानं सगळं बरोबर आहे. मला अजून झेपलेलं नाही ही गोष्ट वेगळी.

वारणाकाठ:
सगळ्यांचे आभार, संध्याकाळी चहाच्या वेळी पूर्ण वाचून दाखवलं. वजनाचं ऐकून आण्णा गप्पच झाले. मग म्हणाले आमाला खायला घालून पैलवान केलं, ह्या पोरांना उपाशी ठेवून करत्यात. आमच्या आजीनं त्यांच्या खुराकासाठी म्हैस घेतली होती, ती गोष्ट पुन्हा एकदा झाली.

रेपेचाज पटलंय. एवढंच म्हणाले, ज्यानं पाडलं त्याच्यासाठी देवाला हात जोडायला मन लई मोठं लागतंय. खाशाबांच्या दोन हरलेल्या त्यांना माहीत होत्या! मला कधी बोलले नाहीत. वर मलाच विचारलं, १९६२ ला जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत मारुती माने आणि गणपत आंदळकर दोघांनी सोनं आणलं ते तुझ्या लोकांनी का नाही लिहिलं.

गुणतक्ता:
घ्या, पकडलं मला 😀 आण्णांना सांगा, मानेंचं फ्रीस्टाईलमध्ये आणि आंदळकरांचं ग्रीको रोमनमध्ये सोनं, शिवाय दोघांना उलट प्रकारात एकेक चांदी. आणि ग्रीको म्हणजे कमरेखाली हात लावायचाच नाही, पट काढायचा नाही, टांग मारायची नाही. पटावर वाढलेल्या मातीतल्या पैलवानानं पायाला हात न लावता सोनं आणलं, ह्याचं मला आजही नवल वाटतं.

वारणाकाठ:
सांगितलं. खूश आहेत. आता साक्षीची लावलीय आणि नवीन प्रश्न आलाय, कुस्ती चालू असताना कोच मधेच मॅटवर ते बाहुलीसारखं काय फेकतोय?

भाचीची_आत्या:
तेच चॅलेंज. पंचांचा निर्णय पटला नाही की कोच ते मऊ खेळणं आत टाकतो, मग व्हिडिओ बघतात. चुकलं तर समोरच्याला एक गुण.

वारणाकाठ:
आण्णा म्हणतात आमच्यात पंच पटला नाही की माणसं फडात शिरायची, खेळणं बरं.